वाचल्याची खूण

त्या मार्चमध्ये आमच्या कंट्रोल रूममध्ये एकच विषय चालू होता. पाटणकर काका आणखी एक वर्ष राहणार की जाणार?

काकांना त्रेसष्ट पूर्ण होत होती. कंपनीने त्यांना पत्र दिलं होतं, हवं असेल तर एक वर्ष वाढवून देतो, अमुक शुक्रवारपर्यंत कळवा. दुसऱ्या कुणासाठी हा नुसता नोकरीचा प्रश्न असता. काकांसाठी तो देश बदलण्याचा प्रश्न होता. एकोणतीस वर्षं सिंगापूरमध्ये काढूनही ते एम्प्लॉयमेंट पासवरच होते. मुलगा वेदांत लहान होता तेव्हा पीआर, म्हणजे कायमचं रहिवासीपण, घेतलं नाही, कारण मग त्याला अठराव्या वर्षी दोन वर्षं लष्करात जावं लागलं असतं आणि शुभदा काकूंच्या जिवाला ते झेपणारं नव्हतं. पुढे वेदांत कॅनडाला शिकायला गेला आणि तिकडचाच झाला. मग काकांनी अर्ज केला, पण तोवर उशीर झाला होता. तेव्हा नोकरी संपली की पास रद्द, आणि पास रद्द झाला की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. जायचं कुठे, तर पुण्यात सिंहगड रोडला, कुलूप लावून ठेवलेल्या फ्लॅटमध्ये. काकूंना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

ते राहणार, असं मी छातीठोकपणे सांगत होते. मला माणसं कळतात असा माझा तेव्हा समज होता.

मी वल्लरी. जुरोंग आयलंडवरच्या त्या केमिकल प्लांटमधली नव्हेच. मी सॉफ्टवेअरवाली, प्लांटमधली जाडजूड लॉगबुकं बंद करून त्यांच्या जागी टॅबलेटवरचं अ‍ॅप आणायला पाठवलेली. राहायला सेंगकांगला, म्हणजे बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं आणि तिथून कंपनीच्या बसने आणखी एका बेटावर. नवरा क्षितिज महिन्यातले पंधरा दिवस जाकार्तात. मुलगी गार्गी चाइल्डकेअरमध्ये, आणि चाइल्डकेअर सात वाजता बंद. पाच वाजून दहाची कंपनीची बस मिळाली तर मी सातच्या आत पोचायचे, चुकली तर दारात ताटकळत बसलेली गार्गी आणि तिच्या टीचरचा चेहरा, दोन्ही बघायला लागायचे. त्यामुळे दुपारी तीननंतर माझा एक डोळा कायम घड्याळावर असायचा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते माझ्या विरोधात जाणार आहे.

निशिकांत पाटणकर सकाळच्या पाळीचे सुपरवायझर होते. ठेंगणे, टक्कल, मनगटावर स्टीलचं घड्याळ, आणि एक सवय अशी की समोरच्याने काही सांगितलं की ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचे. मी पहिल्या दिवशी त्यांना म्हटलं, काका, उद्या दहा वाजता डेमो आहे. ते म्हणाले, "म्हणजे तू म्हणतेस की उद्या दहाला मी पंप सोडून तुझ्याकडे येऊन बसायचं. बरोबर?" मी म्हटलं, बरोबर. "मग झालं," म्हणाले आणि गेले. कॅन्टीनमधल्या आंटीलाही ते सोडत नसत. तिने चहाचा कप पुढे केला की म्हणायचे, साखर नाही, दूध नाही, गरम, बरोबर? ती बिचारी पंचवीस वर्षं बरोबर म्हणत आली होती.

ही सवय आली होती हॅन्डओव्हरमधून. प्लांट रात्रंदिवस चालतो, पाळी बदलते, तेव्हा जाणाऱ्याने येणाऱ्याला सगळं सांगून जायचं. कुठला पंप कुरकुरतोय, कुठला व्हॉल्व्ह अर्धा उघडा ठेवलाय, कुठे काम चालू आहे. काकांचा नियम असा, की नुसतं सांगून भागत नाही. येणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. त्याने परत सांगितल्याशिवाय जाणाऱ्याने खुर्ची सोडायची नाही. दुपारी पावणेतीनला काका लॉगबुक उघडून बसायचे, समोर दुपारच्या पाळीचा हमीद, मध्ये दोन कप चहा. एकोणीस वर्षं हे चाललं. पंधरा मिनिटांत पंपही यायचे आणि हमीदच्या मुलीचं लग्न, काकूंचे रिपोर्ट, वेदांतचा व्हिसा हेही यायचं, आणि हमीद तेही सगळं परत म्हणून दाखवायचा. काकू गेल्या त्या दिवसानंतर काका कामावर आले, तेव्हा हमीदने म्हणे हॅन्डओव्हरच्या शेवटी एवढंच म्हटलं, "म्हणजे आता घरी कुणी नाही. बरोबर?" काकांनी मला हे सांगितलं तेव्हा मी टॅबलेटवर काहीतरी करत होते. पण ऐकलं, हे नशीब.

हमीद निवृत्त झाला आणि सीमेपलीकडे मलेशियात, जोहोरला मुलीकडे राहायला गेला. त्याच्या जागी जुन हाओ आला, सत्तावीस वर्षांचा, हुशार, कानात कायम काहीतरी. आणि पाठोपाठ आलं माझं अ‍ॅप.

अ‍ॅप चांगलं होतं. हे मी आजही म्हणेन. जुन्या लॉगबुकात कुणाचं अक्षर लागायचं नाही, कुणी पानावर चहा सांडायचा, आकडा चुकला तर चुकलाच. अ‍ॅपमध्ये रीडिंग आपोआप यायची, जरा इकडचं तिकडे झालं की लाल व्हायचं. जाणाऱ्याने "सबमिट" दाबायचं, येणाऱ्याने कपडे बदलता बदलता टॅबलेटवर बघून "मान्य" दाबायचं, संपलं. पंधरा मिनिटांचं काम दीड मिनिटात. माझ्या पहिल्या प्रेझेंटेशनमध्ये हीच ओळ सगळ्यात मोठ्या अक्षरात होती.

तुम्हाला वाटेल काकांनी खळखळ केली असेल. अजिबात नाही. पंचविशीतली पोरं पासवर्ड विसरायची, काका कधी विसरले नाहीत. दोन दिवसांत त्यांनी अ‍ॅपमधल्या चार चुका मला काढून दाखवल्या, आणि चारही खऱ्या होत्या. मी कौतुक केलं तर हसले. म्हणाले, ते स्वतः १९९६ मध्ये इथे आले तेच भिंतीवरचं जुनं पॅनल काढून कॉम्प्युटर बसवायला. तेव्हा कुप्पुसामी नावाचा एक म्हातारा ऑपरेटर होता. तो प्रेशरच्या काचेवर बोटाने टकटक केल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. काचा गेल्या, कॉम्प्युटर आले, तर हा स्क्रीनवर टकटक करायला लागला. "आम्ही पोरं त्याच्या पाठीमागे जाऊन टकटक करायचो," काका म्हणाले. "लई हसायचो." मला वाटलं गोष्ट संपली, म्हणून मी लॅपटॉप उघडला.

पहिल्या आठवड्यात काका पावणेतीनला नेहमीसारखे दोन कप चहा घेऊन टेबलाशी बसले. जुन हाओ तीनला दोन मिनिटं असताना आला, टॅबलेट वर करून दाखवला, म्हणजे सगळं वाचून झालंय, आणि खुर्चीवर बसून कामाला लागला. त्याचं काही चुकलं नव्हतं. काकांनी त्याला विचारलं, पंप २०४ चं काय समजलास ते सांग. तो अगदी नम्रपणे म्हणाला, "अंकल, ट्रेंड ऑलरेडी शो लाह. नो नीड से." म्हणजे आलेखात दिसतंयच, वेगळं सांगायची गरज नाही. काकांनी मान हलवली. दोन्ही कपांतला चहा त्यांनीच प्यायला. आठ-दहा दिवसांनी ते एकच कप आणायला लागले.

अ‍ॅपमध्ये खाली एक चौकोन होता, "रिमार्क्स" नावाचा. आकड्यांत न बसणारं काही असेल तर इथे लिहा. पाचशे अक्षरांची मर्यादा. बाकीचे सगळे तिथे "नॉर्मल" लिहायचे किंवा काहीच नाही. काका लिहायला लागले. दहा दिवसांनी येऊन म्हणाले की जागा पुरत नाही. मी हसून दोन हजार अक्षरं करून दिली, खास त्यांच्यासाठी. सुरुवातीला मी चार-दोन वाचल्याही. साध्या सुटसुटीत इंग्रजीत होत्या. पंप २०४ ची रीडिंग ठीक आहे, पण आवाज सर्दी झालेल्या माणसासारखा येतोय, कृपया जवळ एक मिनिट उभं राहून बघणे. जेट्टीच्या बाजूला पाऊस आधी येतो, तिकडचं झाकण ओढून घेणे. हमीद असता तर आज पिसांग गोरेंग, ती केळ्याची भजी, आणली असती. मी क्षितिजला फोनवर वाचून दाखवल्या आणि आम्ही दोघं हसलो. मग कामं वाढली आणि मी वाचायचं थांबवलं.

रिमार्क वाचला की येणाऱ्याने त्यावर टिक करायची, म्हणजे लिहिणाऱ्याच्या टॅबलेटवर दिसायचं: अमुक यांनी वाचले, इतक्या वाजता. ही सोय मीच केली होती. जुन हाओ आणि मंडळी वरचे आकडे मान्य करायची आणि रिमार्क्सपर्यंत पोचायचीच नाहीत. काकांच्या नोंदींसमोर न वाचल्याचं राखाडी टिंब तसंच राहायचं. काकांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. पण सकाळी आल्या आल्या ते टॅबलेट उघडून आदल्या दिवशीचं टिंब बघायचे, हे मी दोन-तीनदा पाहिलं होतं. जुरोंग ईस्टहून बसमध्ये बसल्यापासून प्लांटमधून परत जाईपर्यंत आता त्यांच्याशी कामापलीकडे कुणी बोलत नसे, आणि घरी तर कुणी नव्हतंच. हे मला दिसत होतं. मी त्याचं काही केलं नाही, एवढंच.

मार्चच्या सुरुवातीला ते माझ्या टेबलाशी आले. मी हेडफोन लावून मीटिंगमध्ये होते, पुढच्या आठवड्यात ऑडिट होतं आणि माझ्या मॅनेजरबाईंचा पारा चढला होता. काका बाजूला उभे राहिले. मी एक कान मोकळा केला. ते म्हणाले, जरा पंधरा मिनिटं बोलायचं होतं, तुझ्या सवडीने. मी म्हटलं, "काका, हा आठवडा फार वाईट आहे हो. रिमार्क्समध्ये टाका ना. मी तिथलं सगळं बघते."

"मराठीत चालतं का त्यात?"

मला त्या प्रश्नाचा आनंदच झाला, कारण ते मीच जमवलं होतं. मी त्यांचा टॅबलेट घेतला, देवनागरी कीबोर्ड लावून दिला, "नमस्कार काका" असं लिहून दाखवलं.

"म्हणजे तू म्हणतेस की मी तिथे मराठीत लिहायचं आणि तू वाचशील. बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं आणि हेडफोन कानावर ओढला.

ऑडिट गुरुवारी होतं. बुधवारी दुपारी मॅनेजरबाईंनी फोन करून विचारलं की डॅशबोर्डवर न वाचलेले तीनशे बारा रिमार्क्स कसे दिसतात. ऑडिटर उद्या पहिल्यांदा तोच आकडा बघणार. माझं पुढचं कॉन्ट्रॅक्ट याच कामावर होतं, आणि माझा पास त्या कॉन्ट्रॅक्टवर. तो आकडा शून्य करायला मला एक ओळ लिहावी लागली. अ‍ॅडमिन म्हणून माझ्या नावाने सगळ्यांवर एकदम टिक. दोन वाजून चौदा मिनिटांनी डॅशबोर्ड हिरवागार झाला. मी उठून पाणी प्यायले आणि मला फार हुशार असल्यासारखं वाटलं.

गुरुवारी ऑडिट छान चाललं होतं. सव्वातीननंतर मी आणि ऑडिटर शेवटच्या मीटिंगसाठी कॅन्टीनवरून पलीकडच्या इमारतीत निघालो होतो. कॅन्टीनच्या काचेतून काका दिसले. पाळी संपली होती तरी गेले नव्हते. खिडकीपाशी बसले होते, आणि समोर दोन कप होते. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आज कुणीतरी सोबतीला आहे. मी हात केला. ते अर्धवट उठले. मी मनगटावरचं घड्याळ दाखवलं, ऑडिटरकडे बोट केलं आणि हसून पुढे गेले.

शुक्रवारी त्यांनी कंपनीला नाही म्हणून कळवलं.

सगळ्यांना आश्चर्य वाटलं. मी त्यांना भेटायला गेले, विचारलं, काका, असं कसं हो? ते म्हणाले, पुष्कळ झालं आता. मला ते उत्तर पटलं, कारण ते सोयीचं होतं. त्यानंतर सहा आठवडे ते कामावर होते आणि त्यांच्या रिमार्क्समध्ये रोज एकच शब्द असायचा, नॉर्मल. मी मॅनेजरबाईंना म्हटलं, बघा, शेवटी अंकलना सिस्टिम नीट वापरता यायला लागली. हे वाक्य मी खरंच बोलले. आता आठवलं की जीभ कापून टाकावीशी वाटते.

निरोपाला केक होता, फोटो होते. जुन हाओने त्यांना खूप महागाचे हेडफोन दिले, आणि ते मनापासून दिले होते, हेही खरं. काकांनी ते हातात घेऊन म्हटलं, म्हणजे हे लावले की बाहेरचं काही ऐकू येत नाही, बरोबर? सगळे हसले. पाच वाजता मी निघाले, बस होती.

मग ऑगस्ट आला. मॅनेजरबाईंना आता नवीन खूळ होतं. जुने सगळे रिमार्क्स एआयला खायला घालायचे आणि त्याने अनुभवी माणसांचं ज्ञान वेचून काढून द्यायचं. माणूस होता तेव्हा त्याला पंधरा मिनिटं नाकारली आणि तो गेल्यावर त्याचं ज्ञान वेचायला यंत्र आणलं, हे मला तेव्हाही खटकलं, पण मी काम मुकाट्याने केलं. दुपारी तीनच्या सुमाराला ते संपलं आणि खाली एक लाल ओळ आली. एक नोंद वाचता आली नाही, भाषा उपलब्ध नाही.

मी ती उघडली. मंगळवार, मार्चचा दुसरा आठवडा, सकाळी सात पन्नास.

"वल्लरी, हे पंपाबद्दल नाही. कंपनी एक वर्ष देते आहे, शुक्रवारपर्यंत सांगायचं आहे. राहिलो तर काम आहे, बोलायला माणूस नाही. गेलो तर दोन्ही नाही. वेदांतला विचारलं, तो म्हणाला, बाबा, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. शुभदा असती तर तिने चटकन सांगितलं असतं. हमीदला फोन केला, पण तो आता आजोबा झाला आहे, मागे नातू रडत होता. तू माझं काम पाहिलं आहेस आणि तू नव्या बाजूची आहेस, म्हणून तुला विचारतो. माझा इथे अजून काही उपयोग आहे का? गुरुवारी सव्वातीनला कॅन्टीनमध्ये बसतो. तुझी बस पाच-दहाची, म्हणजे घाई होणार नाही. पंधरा मिनिटं पुरेत. नाही म्हणालीस तरी चालेल, पण ऐकून म्हण. नि. पा."

खाली हिरवी टिक. वल्लरी यांनी वाचले. बुधवार, दुपारी दोन चौदा.

तीनशे बारा नोंदींपैकी एकशे अठरा काकांच्या होत्या. मी त्या दुपारी सगळ्या वाचल्या, निदान पाच महिने उशिरा. पंप २०४ चं बेअरिंग मेमध्ये गेलं होतं आणि जुन हाओला सेन्सरने ते वेळेवर सांगितलंही होतं, काही बिघडलं नव्हतं. काकांच्या नोंदींवाचून प्लांटचं काहीच अडलं नाही. तेच मला जास्त लागलं. कारण मग त्या नोंदी एकाच माणसासाठी गरजेच्या होत्या, आणि तो सिंहगड रोडला बसला होता.

मी बाहेर जाऊन त्यांना फोन लावला. पुण्यात दुपारचा दीड वाजला असेल. पहिल्याच रिंगला उचलला. मागे टीव्ही नाही, भांडी नाहीत, कसलाच आवाज नव्हता.

आधी त्यांनी प्लांटची चौकशी केली, मग गार्गीची. मग मी सगळं सांगून टाकलं. ऑडिट, तीनशे बारा, ती एक ओळ, आजची लाल नोंद. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "अगं, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"माझ्या एकशे अठरा नोंदी तू एका मिनिटात वाचल्यास. दोन चौदा, दोन चौदा, दोन चौदा. आयुष्यभर लॉगशीट बघत आलोय, तेवढं मला कळतं."

"मग तरी तुम्ही कॅन्टीनमध्ये का बसलात?"

"म्हटलं, बाकीच्या नसतील वाचल्या, शेवटची एखादी वाचली असेल." मग म्हणाले, "तू हात केलास तेव्हा वाटलं, वाचली. मग घड्याळ दाखवलंस, तेव्हा कळलं."

मी विचारलं, काका, तेव्हा सांगितलं का नाहीत? माझ्याकडे येऊन एकदा ओरडायचं तरी. ते म्हणाले की त्यात ओरडण्यासारखं काय होतं, कुप्पुसामीही एकदा कॅन्टीनमध्ये बसायला बोलवत होता, तेव्हा यांनाही काम होतं. मग म्हणाले, एक विचारू का? त्या दिवशी आली असतीस तर काय सांगितलं असतंस?

मला खोटं बोलता आलं असतं. राहा म्हटलं असतं काका, असं म्हणणं सोपं होतं, आणि त्यांनाही ते ऐकायचं असेल. पण मी स्वतःला ओळखते. त्या दिवशी मी कदाचित पाच मिनिटं बसले असते, घड्याळाकडे बघत, आणि म्हटलं असतं, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. वेदांतने म्हटलं तेच. मी त्यांना तसंच सांगितलं.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

मग ते कामाच्या आवाजात म्हणाले, "म्हणजे तू म्हणतेस की तू ती नोंद आज वाचलीस. सगळी वाचलीस. तेव्हा वाचली असतीस तरी तुला काही सांगता आलं नसतं. आणि तुला त्याचं वाईट वाटतंय. बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.

"मग झालं. आता तू जाऊ शकतेस," ते म्हणाले. "पाच-दहाची बस चुकेल तुझी."

सव्वाचारच वाजले होते. पण त्यांनी फोन ठेवला होता.